आडव्या गजांचं दार

ही जाऊन दुसरं वर्ष लागलं. खोलीत मी एकटा. मुलगा म्हणतो, बोरिवलीला चला, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. मी जात नाही. का जात नाही ते तोंडाने सांगितलं तर तो हसेल, म्हणून लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथी, त्यातलंही अर्धं गुरांमागे गेलं. शुद्धलेखन ज्याला सुधारायचं त्याने सुधारावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी सांगा म्हणून दर मे महिन्यात कुणी ना कुणी जिना चढून येतं. मी चहा देतो आणि सांगतो. मोर्चात होतो, संपात होतो, डाव्या खांद्यावर लाठी बसली, थंडीत तो खांदा अजून दुखतो. पण लाठी खाणारे तेव्हा परळ-लालबागला घरोघर होते. त्यात माझं काय मोठं. त्या वर्षांत मी आणि हिने आणखी एक गोष्ट जिंकली, ती मात्र आमची दोघांचीच. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

मी मिलमध्ये बॉयलर खात्यात फिटर होतो. मिलचं नाव लिहीत नाही. आमची चाळ मिलच्या मागच्या भिंतीला लागून. दुसऱ्या माळ्यावर खोली, पुढे गॅलरी, आणि गॅलरीसमोर भिंतीपलीकडे जुन्या चिमणीचा बुंधा. नवं बॉयलर घर झालं तेव्हा जुनी चिमणी वरून उतरवली. दोन पुरुष उंचीचा बुंधा राहिला, त्याच्यावर लाद्या टाकून तो वरून बंद केला. खाली बाजूला एक चौकोनी भोक तेवढं उघडं. माणूस वाकून आत शिरेल एवढं. आत धुराचं भुयार. पूर्वी बॉयलरचा धूर जमिनीखालून त्या भुयारातून चिमणीकडे यायचा. विटांची कमान, भिंतींना बोटभर काजळी, आणि यार्डाखालून थेट जुन्या बॉयलर घरापर्यंत गेलेलं. त्या जुन्या बॉयलर घराच्या जागी आता इंजिनेर साहेबांचं ऑफिस होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धूर थांबला आणि त्या भुयारात पाकोळ्या आल्या. वटवाघूळ म्हटलं की लोकांना वडाला लटकलेलं मोठं धूड आठवतं. हे ते नव्हे. ह्या बारक्या, पंख मिटले की मुठीत मावतील अशा, डास-किडे खाणाऱ्या. आमच्या कोकणात त्यांना पाकोळी म्हणतात. दिवसभर भुयारात छताला उलट्या टांगलेल्या, आणि तिन्हीसांजेला भोकातून बाहेर. एक येते, मग दोन, मग कुणी पोतं उलटं केल्यासारख्या.

ही लग्न होऊन मुंबईत आली ती मालवणाकडची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभी राहून तिने त्या बाहेर पडताना बघितल्या, आणि त्या दिवसापासून तिचा नेम झाला. पहिली पाकोळी बाहेर पडल्याशिवाय देवापुढे दिवा लावायचा नाही. हातात काडीपेटी घेऊन गॅलरीत उभी राहायची. पाकोळी दिसली की काडी ओढायची. गावाकडे घड्याळ नव्हतं, तिकडेही असंच करायची म्हणे.

आमच्या आईला हे अजिबात पसंत नव्हतं.

"गे, तिनसांज झाली, दिवो कधी लावतलंस?" आई आतून ओरडायची. "ती पाकोळी काय तुजी सासू लागता?"

"सासू घर सोडून खय जाणा नाय," ही बाहेरून हळूच म्हणायची, मला ऐकू येईल एवढंच. "पाकोळी रोज एकदा तरी जाता."

आता एका गाठोड्याचा विषय. चूक माझी होती, ती आधी सांगतो.

चळवळ पेटलेली होती. चाळीचाळीतून पोलीस झडत्या घ्यायचे. आमच्या हाती पत्रकांचं एक गाठोडं आलं, दुसऱ्या दिवशी वाटायचं होतं. मी आणि माझा बॉयलर खात्यातला जोडीदार, वरळीच्या बीडीडी चाळीतला. तो कोळसा आणि राख ओढायच्या कामावर होता. हुशार होता, हात माझ्यापेक्षा सफाईचा, पण त्याच्या जातीच्या माणसाला साच्यावर, म्हणजे मागावर, घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याचा इतरांना विटाळ होतो म्हणून. तो मला म्हणाला, "फिटर, भुयारात टाकू. पोलीस पाकोळ्यांची झडती घेत नाहीत."

टाकलं. गोणपाटात गुंडाळलं, वर दोरीने करकचून बांधलं. दोरी हाताशी होती ती घेतली. आच बाहेर येऊ नये म्हणून बॉयलरच्या दाराला बसवतात ती पांढरी, जाड दोरी. तेव्हा काही वाटलं नाही. मुंबईत ती दोरी फक्त बॉयलरवाल्याच्या घरी सापडेल हे डोक्यातच आलं नाही. फिटरचं डोकं गाठ पक्की बसली का एवढंच बघतं.

दुसऱ्या दिवशी मिलच्या जमादाराने ते ओढून बाहेर काढलं. पत्रकांवर पाकोळ्यांनी आपली सही केली होती, एकही वाटण्यासारखं उरलं नव्हतं. पण फौजदार आला. इंजिनेर साहेबही आले. फौजदार म्हणाला, हे भोक राहता कामा नये. आज पत्रकं, उद्या माणसं लपतील. मॅनेजरने लगेच हुकूम दिला. सोमवारी गवंडी लावा, विटांनी बुजवून टाका.

गाठोडं कुणाचं ते कळलं नाही. आम्ही दोघे वाचलो म्हणून मी खुशीत घरी आलो आणि हिला सांगितलं. वाटलं होतं हसेल.

ती पीठ मळत होती. हात तसेच पिठात ठेवून तिने विचारलं, "सोमवारी?"

"हो."

"भितुर पोरां आसत."

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. त्या दिवसांत, वैशाख-जेठात, पाकोळ्यांना पिल्लं होतात. एकीला एक. पिल्लू आईच्या अंगाला चिकटलेलं असतं, मोठं झालं की आई त्याला आत टांगून बाहेर जाते आणि चरून परत येते. दिवसा बुजवलं तर आया आणि पिल्लं सगळीच आत. सांजेला बुजवलं तर आया बाहेर, पिल्लं आत.

आणि मग तिने जे मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिच्या गावाच्या डोंगरात एक सोडून दिलेली खाण होती. कुणी साहेबाने कधीकाळी खणून टाकून दिलेली. त्यात पाकोळ्या राहायच्या. गुरं आत पडतात म्हणून गावाने एक दिवस खाणीचं तोंड दगडांनी बुजवलं. ही तेव्हा आठ-नऊ वर्षांची, गुरं घेऊन तिथूनच जायची. दगडांमागून चिरचिर ऐकू येत होती. तिने बापाला सांगितलं, काकांना सांगितलं, देवळात बसलेल्या लोकांना सांगितलं. पोरीचं कोण ऐकतो. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

"माका आवाज आयकाक येय," ती म्हणाली. "आणि मी गुरां घेवन पुढे जाय."

तिने पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि वर न बघता म्हणाली, "गाठोडां तुमी ठेवलात. आता तुमीच निस्तरा."

तिच्या बोलण्यात कधी आडपडदा नसायचा. माझ्यापेक्षा फटकळ. आता खोलीत तसं बोलणारं कोणी नाही.

बुधवारी मी जोडीदाराला घेऊन इंजिनेर साहेबांकडे गेलो. साहेब पारशी, म्हातारे, पांढरी टोपी, पांढरी विजार, तिच्यावर नेहमी ग्रीसचा एक तरी डाग. मशीनवर प्रेम करणारा माणूस. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गाठोडं सोडून.

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "अरे फिटर, संप करते, मोर्चा काढते, ते बस नाय झाला काय? आता वटवाघळाचा पण युनियन काढला?"

"साहेब, बुजवू नका एवढंच म्हणतो. दार लावू. लोखंडी. माणूस आत जाणार नाही, पाकोळ्या जातील."

"आणि फौजदार? त्याला काय सांगू, माझा फिटरला दया आला?"

तेव्हा जोडीदार खाकरला. "साहेब, एक बोलू? भुयार तुमच्या ह्या हापिसाखालनं जातं. आत पोतंभर मेली की वास कुठनं वर येईल?"

साहेबांनी पायाखालच्या फरशीकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, जसा काही वास आताच आला.

"सोमवारी सकाळी गवंडी येणार," ते म्हणाले. "त्याच्या अगोदर दार पाहिजे. भंगारातून करा, तुमच्या टायमात करा. फौजदार बोलला माणूस जात नाय तर पास. नाय तर भिंत. समजला?"

समजलं. पाच दिवस.

भंगारात जुन्या बॉयलरच्या शेगडीचे गज पडलेले होते. सरळ, जाड, चांगलं लोखंड. पाळी सुटली की आम्ही दोघे यार्डात बसायचो. भोक चौरस होतं म्हणून चौकटही चौरस केली. गज कापले, ठोकले, चौकटीत बसवले. कसे बसवले? उभे. चार-चार बोटांवर. मला कुणी विचारलंच नाही आणि मी विचार केला नाही. जन्मात मी जेवढे गज बघितले, खिडकीचे, तुरुंगाचे, बँकेचे, चाळीच्या कठड्याचे, सगळे उभेच. गज म्हणजे उभा. आपल्याला एवढंच ठाऊक.

शनिवारी दुपारी दार भोकाला बसवलं. साहेब येऊन हलवून गेले. "मजबूत हाय," म्हणाले. जोडीदाराला मी घरी चहाला आणलं. इथे एक लिहितो, लाज वाटते तरी. आमची आई त्याला कप वेगळा ठेवायची, कान तुटलेला. तो काही बोलायचा नाही. मीही बघून बोलत नव्हतो.

तिन्हीसांज झाली. ही काडीपेटी घेऊन गॅलरीत उभी. आम्ही दोघे तिच्या मागे, छाती फुगवून.

पाकोळी आली नाही.

अंधार भरायला लागला. दाराच्या आत काहीतरी हलताना दिसत होतं, काळ्यात काळं. घिरट्या घालत होत्या. गजापर्यंत यायच्या आणि वळायच्या. एक-दोन गजाला लटकल्या, फटीतून सरपटत बाहेर आल्या आणि जमिनीवर पडल्या. पाकोळीला जमिनीवरून उडता येत नाही धड. भिंतीवरचं मांजर खाली उतरायला लागलं.

"दिवो," आई आतून म्हणाली. "आज देव काळोखात बसतले?"

हिने काडी ओढली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी जिना उतरलो, भिंतीवरून यार्डात गेलो, जोडीदार मागोमाग. मांजर हाकललं, दार बिजागरीतून उचलून बाजूला ठेवलं. उचललं तशा त्या आमच्या डोक्यावरून सुटल्या. तोंडावर वारा लागला त्यांचा. वर आलो तर दिवा लागलेला, आणि चाळीतले दोन-तीन शहाणे गॅलरीत हसत उभे.

"काय फिटर, पाकोळ्यांना जेल केलंत काय?"

जोडीदार म्हणाला, "उद्या जामीन आहे, या बघायला." तो असा होता. पण जिन्यात मला म्हणाला, "गज लांब लांब बसवले तर माणूस जाईल. जवळ बसवले तर पाकोळी जात नाही. फिटर, हे जमायचं नाही."

मीही तेच धरून बसलो होतो. जेवलो नाही. ही गॅलरीतले कपडे काढत होती. आमच्या गॅलरीत कपडे वाळवायला दोन बांबू बांधलेले, एकाखाली एक, आडवे. खाली लाकडी कठडा, त्याचे दांडे उभे. दिव्याच्या किड्यांमागे पाकोळ्या गॅलरीत यायच्या रोजच. मी रोज बघायचो आणि काही दिसायचं नाही.

तिने हाक मारली. "हय येवा. बसा खाली. आता बगा."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. बाहेरून एक आली, बांबूला शिवलीसुद्धा नाही, दोन बांबूंच्या मधून सपकन आत, दिव्याभोवती एक फेरी, परत त्याच फटीतून बाहेर. मग दुसरी. तीही बांबूंमधून.

"कठड्यातून एक तरी येता?" हिने विचारलं.

कठड्याच्या दांड्यांमध्ये जागा चांगली होती. एकही येत नव्हती.

तिने दोन्ही हात बाजूला पसरले, पाखरासारखे. "ती अशी येता. आडवी. माणूस कुशीर वळान उब्या फटीतून जाता, पाकोळी कशी वळतली? तिका आडवी वाट होयी. तुमी तिका उबी वाट दिलात."

मी तिच्या पसरलेल्या हातांकडे बघत बसलो. खरं सांगतो, बॉयलर खात्यात इतकी वर्षं मोठमोठे इंजिनेर बघितले. असं समजावून कुणी सांगितलं नाही.

"किती जागा लागेल?"

तिने वीत धरली, मग दोन बोटं कमी केली. "बांबू इतक्यार आसत. मोजून बगा."

रविवारी सकाळी जोडीदाराला गाठायला मी वरळीला चालत गेलो. त्याला सांगितलं. तो आंघोळीला निघाला होता, टॉवेल तसाच खांद्यावर टाकून उभा राहिला आणि खो-खो हसायला लागला. "अरे मग चौकट चौरस आहे. फिरव की नुसती."

तेच केलं. नवीन काही बनवायचं नव्हतं. दार उचललं, पाव फिरवलं, उभे गज आडवे झाले. बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला ठोकल्या. मग एकाआड एक गज हॅकसॉने कापून काढला. फट बरोबर वितीला दोन बोटं कमी. दुपारी उन्हात दोघांची पाठ भाजून निघाली. ही भिंतीपलीकडून दोनदा पाणी देऊन गेली, आणि दुसऱ्यांदा भिंत ओलांडून फट स्वतः वीत लावून मोजून गेली. फिटरचं माप तिला मान्य नव्हतं.

संध्याकाळी आख्खी चाळ गॅलरीत. फुकटचा तमाशा कोण सोडतो. तिन्ही माळे भरलेले. कालचे शहाणे पुढे. जोडीदार आमच्या गॅलरीत, मी त्याच्या बाजूला, आणि ही काडीपेटी घेऊन कठड्याला टेकून. काडी तिने आधीच काढून धरली होती. मी बघितलं ते तिला कळलं, तिने ती परत पेटीत टाकली.

आई आज आतून ओरडली नाही. तीही बाहेर आली होती, दाराच्या चौकटीला धरून.

आकाश राखेसारखं झालं. दाराच्या मागे हालचाल सुरू झाली. एक गजाजवळ आली, वळली. खालच्या माळ्यावरून कुणीतरी च्यक् केलं. पुन्हा आली, वळली. तिसऱ्यांदा आली आणि थांबलीच नाही. दोन गजांच्या मधून पसरल्या पंखांनी सरळ बाहेर. काल बांबूंमधून आल्या तशीच. मग दुसरी. मग एकदम चार. मग पोतं उलटं झालं.

जोडीदाराने माझ्या पाठीत अशी थाप मारली की दुखरा खांदा कळवळला. वरच्या माळ्यावरून एक जण, रोज मोर्चात घोषणा द्यायचा तो, गळा काढून ओरडला, "पाकोळ्यांसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि तिन्ही माळे एका आवाजात, "झालाच पाहिजे." भिंतीपलीकडून जमादार काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं मोर्चा आला. हसून हसून बायका खाली बसल्या.

ह्या सगळ्यात ही आत गेली होती. मी वळून बघितलं तर दिवा लागलेला. ती देवापुढे बसून रडत होती आणि हसतही होती. आठ-नऊ वर्षांची पोर दगडांमागची चिरचिर ऐकून पुढे गेली होती, ती त्या दिवशी परत आली असं मला वाटलं.

मग तिने चहा केला, सगळ्यांना. कप धुताना सगळे एकाच घमेल्यात टाकले, कान तुटलेला आणि कानाचे. आणि त्या कानतुटक्या कपात तिने आईला चहा दिला. आईने कप बघितला, सुनेकडे बघितलं, जोडीदाराकडे बघितलं, आणि प्यायली. तो विषय आमच्या घरात त्या दिवशी संपला.

पहाटे चारला नळाला पाणी यायचं. रांगेतल्या बायकांनी त्या परत आत जाताना बघितल्या. ही जिना धावत वर आली, मला हलवून उठवलं, "गेली, सगळी भितुर गेली, एक पण अडली नाय." पिल्लांना दूध मिळालं. मी म्हटलं बरं, आणि पुन्हा झोपलो, आणि त्याबद्दल मला पुढे कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागलं.

सोमवारी सकाळी गवंडी विटा उतरवून बसलेला. फौजदार आला, साहेब आले, जमादार आला. फौजदाराने फट बघितली आणि मान हलवली. "ह्यातून माणूस जाईल."

"नाही जाणार," मी म्हटलं.

"बारीक माणूस जाईल."

मिलमध्ये जोडीदारापेक्षा बारीक माणूस नव्हता. तो म्हणाला, "साहेब, मी जाऊन दाखवतो. गेलो तर भिंत घाला." आणि टोपी काढून डोकं घातलं. कपाळ गेलं, कान गेले नाहीत. जोर केला, आणखी थोडं गेलं, आणि मग ना पुढे ना मागे. आतून त्याचा आवाज घुमत आला, "फिटर, अडकलो रे. आणि इथे वास काय आहे, विचारू नको."

फौजदाराने स्वतः त्याचे पाय धरून ओढलं. निघेना. शेवटी मी तेलाची बुधली आणली, कानांमागे ओतली, तेव्हा सुटला. दोन्ही कान टोमॅटोसारखे. फौजदार हातरुमालाने हात पुसत म्हणाला, "पास." मिशीत हसत होता.

सगळे गेल्यावर साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलाचा खण उघडला आणि एक दोरी माझ्यापुढे टाकली. पांढरी, जाड. माझीच गाठ तिला अजून तशीच.

"गाठोडा निघाला त्या दिवशी फौजदाराचा पाठ होता तेव्हा मी कापून घेतला," ते म्हणाले. "पस्तीस वरस बॉयलर बघते मी. ही दोरी आणि ही गाठ मला नाय कळणार? स्टोरमधी जमा कर. आणि विटा घेऊन जा, परत कोण नेणार."

मी खाली मान घालून दोरी उचलली. थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, तेवढी रीत तेव्हा मला नव्हती. आज म्हणतो.

विटा आम्ही घरी आणल्या. त्यांची मोरी बांधली, कठड्याची, तिला बसून भांडी घासता येतील अशी. भुयार बुजवायच्या विटांवर बसून तिने जन्मभर भांडी घासली आणि कुणी पाहुणा आला की सांगायची, ह्यो विटा कसल्यो माहीत आसा?

पुढे महाराष्ट्र झाला. त्या संध्याकाळी परळ, लालबाग, भोईवाडा, सगळीकडे रोषणाई. आमच्या चाळीत दुपारपासून पणत्या मांडून ठेवलेल्या, अंधार पडायची वाट न बघता लोकांनी लावूनही टाकल्या. आख्खी चाळ लखलखत होती, मधोमध एकच खोली काळोखात. आमची. शेजारी म्हणाले, अहो, आज तरी. ही म्हणाली, महाराष्ट्र झालो तर काय पाकोळ्यांचो नेम चुकलो? आणि कठड्याला टेकून उभी राहिली. पहिली बाहेर आली, खाली ढोल, आकाशात फटाके, तरी आली. मग हिने काडी ओढली. सगळ्या चाळीत आमचा दिवा शेवटचा लागला आणि मला तोच सगळ्यांत मोठा दिसला.

मिल आता बंद आहे. यंत्रं भंगारात गेली. बुंधा आणि भुयार अजून आहे, आणि दार आहे. खंडेनवमीला आम्ही मिलमधले लोक हत्यारांना हळदकुंकू लावायचो. मिल बंद झाल्यावर हत्यारं राहिली नाहीत, म्हणून मी आणि ही दर खंडेनवमीला दाराला झेंडूची माळ घालायचो, बिजागरीत तेल सोडायचो. माळ कोपऱ्यात बांधायची, फटीत लोंबली तर त्यांना अडेल, हे ती दरवर्षी सांगायची. ह्या वर्षी मी एकट्याने घातली. जोडीदारही नाही आता. वॉचमन परप्रांती पोरगा, त्याला वाटतं म्हाताऱ्याचा कसला देव आहे. मी त्याला आडव्या गजांची गोष्ट सांगितली. त्याने दोन्ही हात पसरून करून बघितलं, आणि म्हणाला, बरोबर आहे, बाबा.

म्हणून मी बोरिवलीला जात नाही. तिकडे विसाव्या माळ्यावर बटण दाबलं की दिवा लागतो, कुणाची वाट बघावी लागत नाही. इथे काडीपेटी माझ्याकडे आहे. काल सात वाजायला पाच कमी असताना पहिली बाहेर पडली, दोन गजांच्या मधून, शिवलीसुद्धा नाही. मी काडी ओढली.